होस्टोस कम्युनिटी कॉलेज : काटकसर, साथ आणि अध्यापकांचे मनोधैर्य (१९७६ व २०२०)

प्रास्ताविक

शैक्षणिक संस्थेवर आर्थिक संकट कोसळते तेव्हा पहिली चर्चा ताळेबंदाची होते. किती पदे कमी करावयाची, कोणता विभाग बंद करावयाचा, कोणाचे तास दुसऱ्याकडे द्यावयाचे, असे प्रश्न पुढे येतात. ज्यांच्या जिवावर संस्था चालते त्या अध्यापकांच्या व कर्मचाऱ्यांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. त्याचे उत्तर म्हणून एखादे प्रेरणादायी व्याख्यान ठेवले जाते किंवा प्राचार्यांचे आभारपत्र सूचनाफलकावर लागते. मनोधैर्य ही उपदेशाने वाढणारी गोष्ट आहे, असे यामागे गृहीत धरलेले असते. इतिहासाचा पुरावा मात्र वेगळे सांगतो.

प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स विभागातील होस्टोस कम्युनिटी कॉलेज या एकाच संस्थेचा दोन संकटांच्या काळातील अनुभव तपासला आहे. पहिले संकट १९७५-७६ चे आहे. त्या वेळी न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली आणि हे कॉलेज बंद करण्याचा निर्णय झाला. दुसरे संकट २०२० चे आहे. त्या वर्षी कोविडची साथ आणि अनुदानकपात एकदमच आली. संस्था तीच, वस्ती तीच आणि विद्यार्थीही त्याच सामाजिक थरातले. परंतु अध्यापकांच्या मनोधैर्याची स्थिती दोन्ही वेळी सारखी नव्हती. हा फरक का पडला, हे पाहणे आपल्याकडील महाविद्यालयीन अध्यापकांनाही उपयुक्त ठरावे. होस्टोस हे एका भाषिक अल्पसंख्याक समाजाच्या मागणीतून उभे राहिलेले कॉलेज आहे, हेही त्याची निवड करण्याचे एक कारण आहे.

पार्श्वभूमी : मोफत उच्च शिक्षणाची परंपरा

न्यूयॉर्क शहराने १८४७ मध्ये ‘फ्री अकॅडमी’ या संस्थेची स्थापना केली. गरिबांच्या मुलांना शुल्क न घेता उच्च शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू होता. याच संस्थेचे पुढे सिटी कॉलेज झाले. शहराची निरनिराळी महाविद्यालये १९६१ मध्ये ‘सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क’ या एका विद्यापीठाच्या छत्राखाली आली. ‘क्युनी’ या संक्षिप्त नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते. १९७० पासून शहरातील शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला क्युनीच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात प्रवेश देण्याचे धोरण सुरू झाले. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतील मुलामुलींची संख्या झपाट्याने वाढली.

कम्युनिटी कॉलेज हा अमेरिकेतील दोन वर्षांच्या महाविद्यालयाचा प्रकार आहे. शुल्क कमी, प्रवेश सर्वांना खुला, विद्यार्थी बहुतांशी नोकरी करून शिकणारे आणि अभ्यासक्रम थेट रोजगाराशी जोडलेले, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. येथे शिकवणाऱ्या अध्यापकाला संशोधनापेक्षा वर्गात अधिक वेळ द्यावा लागतो. विद्यापीठीय प्रतिष्ठेच्या उतरंडीत त्याचे स्थानही खालचे मानले जाते. आपल्याकडील तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापकाला ही परिस्थिती अनोळखी वाटणार नाही.

होस्टोसची स्थापना

साउथ ब्रॉन्क्स हा १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील अत्यंत गरीब भाग होता. कारखाने बंद पडत होते, घरमालक इमारती वाऱ्यावर सोडून जात होते आणि आगीत गल्ल्याच्या गल्ल्या बेचिराख होत होत्या. येथील मोठी लोकसंख्या पोर्तो रिकन होती. तिची घरची भाषा स्पॅनिश, तर शिक्षणाची आणि नोकरीची भाषा इंग्रजी. आपल्या वस्तीत आपल्या मुलांसाठी कॉलेज हवे, ही मागणी या समाजाच्या पुढाऱ्यांनी लावून धरली. १९६८ मध्ये उच्च शिक्षण मंडळाने तिला मान्यता दिली.

कॉलेजला युजेनिओ मारिया द होस्टोस (१८३९-१९०३) यांचे नाव देण्यात आले. पोर्तो रिकोत जन्मलेल्या या विचारवंताने डॉमिनिकन प्रजासत्ताकात अध्यापक प्रशिक्षणाचा पाया घातला आणि स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा पुरस्कार केला. १९७० मध्ये सुमारे सव्वासहाशे विद्यार्थ्यांना घेऊन, ग्रँड कॉन्कोर्स रस्त्यावरील एका जुन्या टायर कारखान्याच्या इमारतीत वर्ग सुरू झाले. परिचारिका, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि दंत-आरोग्य साहाय्यक तयार करणारे अभ्यासक्रम हे कॉलेजचे वैशिष्ट्य ठरले. विद्यार्थ्याने इंग्रजी शिकत असतानाच इतर विषय स्पॅनिशमधून शिकावेत, ही द्विभाषिक पद्धती येथे राबवण्यात आली. मातृभाषा हा शिक्षणातील अडथळा मानू नये, ती पायरी मानावी, असा यामागील विचार होता.

जागा लवकरच अपुरी पडू लागली. १९७३-७४ मध्ये अध्यापक व विद्यार्थी यांनी मिळून शेजारची ५०० क्रमांकाची इमारत मिळवण्यासाठी मोहीम चालवली. पत्रे, निवेदने, निदर्शने आणि राज्य विधिमंडळातील प्रतिनिधींच्या गाठीभेटी या मार्गांनी १९७४ मध्ये इमारतीस मंजुरी मिळाली. पुढच्या घटनांच्या दृष्टीने ही मोहीम फार महत्त्वाची आहे. अध्यापक, विद्यार्थी आणि वस्तीतील रहिवासी यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय तिच्यामुळे लागली. मोठे संकट येण्यापूर्वीच एक लहान लढा जिंकलेला होता.

१९७५-७६ : रिकामी तिजोरी

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराला कर्ज देण्यास बँकांनी नकार दिला. १७ ऑक्टोबर १९७५ रोजी शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. त्या दिवशी शालेय शिक्षकांच्या संघटनेने आपल्या निवृत्तिवेतन निधीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेण्याचे मान्य केले आणि शहर वाचले. ज्यांच्यापैकी हजारो जणांना त्याच वर्षी कामावरून कमी करण्यात आले होते, त्याच शिक्षकांच्या म्हातारपणाच्या पुंजीने शहराला तारले. शैक्षणिक इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेची पुरेशी दखल घेतली जात नाही.

विद्यापीठावरही कुऱ्हाड आली. कुलप्रमुख रॉबर्ट किबी यांनी १९७६ च्या सुरुवातीस काही महाविद्यालये बंद करण्याची व काही एकमेकांत विलीन करण्याची योजना मांडली. होस्टोस हे ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजमध्ये विलीन करावे, असे तिच्यात सुचवले होते. कागदावर ते विलीनीकरण होते. प्रत्यक्षात द्विभाषिक शिक्षणाचा हा प्रयोग संपणार होता. ब्रुकलिनमधील कृष्णवर्णीय वस्तीतील मेडगर एव्हर्स कॉलेजचा चार वर्षांच्या महाविद्यालयाचा दर्जा काढून घेण्यात आला. तो परत मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. सर्वांत नव्या आणि सर्वांत गरीब समाजासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांना कपातीची झळ अधिक बसली, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

‘होस्टोस वाचवा’ मोहीम

विलीनीकरणाची बातमी आली तेव्हा अध्यापकांपुढे दोन वाटा होत्या. ज्याने त्याने स्वतःची नोकरी दुसऱ्या महाविद्यालयात कशी टिकेल ते पाहावे, ही पहिली. विलीनीकरण झाले असते तर काही जणांची सोय लागलीही असती. सर्वांनी मिळून कॉलेज टिकवावे, ही दुसरी. मोठ्या संख्येने अध्यापकांनी दुसरी वाट पत्करली.

या मोहिमेत मुख्यतः दोन गट होते. अध्यापक संघटनेच्या स्थानिक शाखेभोवती एक समिती उभी राहिली. कॉलेजमध्ये इतिहास शिकवणारे आणि पुढे या लढ्याचा वृत्तान्त लिहून ठेवणारे जेराल्ड मेयर तिच्यात अग्रभागी होते. सह्या, पत्रे, मोर्चे आणि आमदारांच्या भेटी यांवर या समितीचा भर होता. दुसरा गट अधिक आक्रमक होता. कॉलेजमध्ये शिकवणारे तरुण वकील रॅमोन हिमेनेझ हे त्यातील प्रमुख नाव. वस्तीतील पालक-चळवळीच्या नेत्या एव्हलिना लोपेझ अँटोनेटी यांचेही मोहिमेला पाठबळ मिळाले. दोन्ही गटांत मतभेद होते आणि ते कटूही होते. तरी दोघांच्या दबावाची दिशा एकच राहिली.

मार्च १९७६ च्या अखेरीस विद्यार्थी, काही अध्यापक व रहिवासी यांनी कॉलेजच्या इमारतीचा ताबा घेतला. हा ताबा वीस दिवस टिकला. एप्रिलमध्ये पोलिसांनी इमारत रिकामी केली व निदर्शकांना अटक केली. मात्र त्या वीस दिवसांत शिकवणे थांबले नाही. कॉलेज बंद पडावे अशी इच्छा असणाऱ्यांना ते बंद पाडून दाखवण्यात अर्थ नाही, हे अध्यापकांनी ओळखले होते.

मेच्या अखेरीस विद्यापीठाकडे वेतनासाठी पैसा उरला नाही. संपूर्ण क्युनी सुमारे दोन आठवडे बंद राहिली. लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि पदव्या अडकल्या, हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. शुल्क लावावे लागणार हे स्पष्ट होताच उच्च शिक्षण मंडळाच्या अध्यक्षांसह काही सदस्यांनी राजीनामे दिले. जून १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने आर्थिक साहाय्य मंजूर केले आणि त्याच कायद्यात होस्टोस स्वतंत्र ठेवण्याची तरतूद झाली. कॉलेज वाचले.

या विजयाची किंमत नमूद करणे आवश्यक आहे. १२९ वर्षे चाललेले मोफत शिक्षण १९७६ च्या हिवाळी सत्रापासून संपले. विद्यापीठातील अनेक तरुण अध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढील काही वर्षांत क्युनीची विद्यार्थिसंख्या सुमारे ६० हजारांनी घटली. ५०० क्रमांकाच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी होस्टोसच्या लोकांना पुन्हा आंदोलन करावे लागले. तरीही त्या काळच्या वृत्तान्तांतून अध्यापकांमध्ये हताशा फारशी दिसत नाही. पगार अनिश्चित होता, इमारत गळकी होती, नोकरीची खात्री नव्हती. पण एकटेपणा नव्हता. आपण करतो ते काम या वस्तीला हवे आहे, याचा पुरावा रोज डोळ्यांसमोर होता. पालक रस्त्यावर उतरत होते आणि विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या शेजारी उभे होते.

२०२० : साथ आणि कपात

चव्वेचाळीस वर्षांनंतरचे संकट निराळे होते. न्यूयॉर्क शहरात कोविडचा पहिला रुग्ण १ मार्च २०२० रोजी आढळला. ११ मार्च रोजी क्युनीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची घोषणा झाली आणि १९ मार्चपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे तयारीसाठी एक आठवडा मिळाला. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही, हे लक्षात आल्यावर मार्चअखेरीस वर्ग काही दिवस थांबवून लॅपटॉप व टॅब्लेट वाटण्यात आले.

शहराच्या पाच विभागांत ब्रॉन्क्समधील मृत्युदर सर्वाधिक होता. होस्टोसपासून थोड्याच अंतरावर, त्याच १४९ व्या रस्त्यावर, लिंकन रुग्णालय आहे. होस्टोसने गेल्या पन्नास वर्षांत तयार केलेल्या परिचारिका आणि तंत्रज्ञ अशाच रुग्णालयांत काम करीत आले आहेत. कॉलेजचे विद्यार्थी हे प्रामुख्याने दुकानांत, वृद्धांच्या सेवेत, वाहतुकीत आणि सफाईत काम करणारे. त्यांत आता डॉमिनिकन व पश्चिम आफ्रिकी कुटुंबांतील मुलेमुली मोठ्या संख्येने आहेत. घरी बसून काम करण्याची मुभा या वर्गाला नव्हती. अध्यापक पडद्यावर नावे वाचत होते आणि त्यांतील काही नावे अचानक यायची थांबत होती. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी मृत्यू झाला आहे आणि कोणाचे इंटरनेट बंद पडले आहे, हे पडद्यावरून कळत नव्हते.

विद्यापीठाने या साथीत अनेक माणसे गमावली. सिटी कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ विल्यम हेल्मरिच यांचे मार्च २०२० मध्ये निधन झाले. न्यूयॉर्कचा जवळजवळ प्रत्येक रस्ता पायी पालथा घालून त्यांनी शहराचा अभ्यास केला होता. ज्यांची नावे वृत्तपत्रांत आली नाहीत असे कर्मचारी आणि विद्यार्थीही गेले. सहकाऱ्याच्या अंत्यविधीला जाता येत नव्हते. शोकसभासुद्धा पडद्यावरच भरत होती.

त्याच वेळी कपातीची चर्चा सुरू झाली. करउत्पन्न घटल्यामुळे राज्य सरकारने देय अनुदानांपैकी सुमारे पाचवा हिस्सा रोखून धरला. शहरानेही कम्युनिटी कॉलेजांच्या खर्चात कपात सुचवली. नोव्हेंबर २०२० मध्ये देय असलेली दोन टक्के वेतनवाढ पुढे ढकलण्यात आली. विद्यार्थीही घटू लागले. संपूर्ण अमेरिकेत २०२० च्या हिवाळी सत्रात कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली. विद्यार्थी कमी म्हणजे शुल्क कमी, शुल्क कमी म्हणजे तुकड्या कमी, असे हे चक्र होते.

कपात कोणावर पडली?

१९७६ नंतरच्या काळात क्युनीच्या रचनेत एक मोठा बदल झाला होता. अनुदान कमी होत गेले तशी पूर्णवेळ पदे भरण्याऐवजी प्रत्येक सत्रासाठी स्वतंत्र नेमणूक असलेले अंशकालीन अध्यापक घेण्याची प्रथा वाढली. २०२० पर्यंत हजारो अंशकालीन अध्यापक विद्यापीठात शिकवीत होते. आपल्याकडील तासिका तत्त्वावरील अध्यापकाशी त्यांची तुलना करता येईल. त्यांना काढून टाकावे लागत नाही. पुढील सत्राचे पत्र पाठवले नाही की काम संपते.

२०२० च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडले. सुमारे २,८०० अंशकालीन अध्यापकांना पुढील सत्रासाठी नेमणूक मिळाली नाही. अमेरिकेत आरोग्यविमा बहुधा नोकरीशी जोडलेला असतो. त्यामुळे यांतील काहींचा विमाही साथीच्या ऐन काळात गेला. मार्च २०२० मध्ये संमत झालेल्या केंद्रीय साहाय्य कायद्यानुसार उच्च शिक्षणासाठी सुमारे १,४०० कोटी डॉलरची तरतूद झाली होती. साहाय्य घेणाऱ्या संस्थेने शक्य तितक्या प्रमाणात आपल्या कर्मचाऱ्यांचे वेतन चालू ठेवावे, असे त्या कायद्यात म्हटले होते. याच तरतुदीच्या आधारे अध्यापक संघटना न्यायालयात गेली. परंतु नेमणुका थांबवण्यास मनाई करणारा आदेश तिला मिळाला नाही.

१९७६ मध्ये संपूर्ण कॉलेज बंद होणार होते, म्हणून सर्वांचे दुःख एक होते. २०२० मध्ये काहींना वगळून बाकीच्यांना वाचवता येत होते. कायम नोकरीतील अध्यापक सुरक्षित होता. मात्र काल शेजारच्या वर्गात शिकवणारा सहकारी आज यादीत नव्हता. त्याचे तास आपल्याकडे आले याची खंत आणि पुढच्या सत्रात आपला क्रमांक लागेल याची भीती, या दोन्ही भावना एकाच वेळी मनात वावरत होत्या. त्यात भर म्हणजे भेटण्याची जागाच उरली नव्हती. ज्या इमारतीचा ताबा घेऊन १९७६ ची पिढी एकत्र आली, ती २०२० मध्ये साथीमुळे कुलूपबंद होती. मनोधैर्य खचण्यास ही परिस्थिती पुरेशी होती. अशा वेळी विद्यापीठांनी पाठवलेल्या ध्यानधारणेच्या आणि तणावमुक्तीच्या सूचना कितीही सद्‌हेतूच्या असल्या, तरी त्या मूळ दुखण्यापर्यंत पोहोचणाऱ्या नव्हत्या.

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे आणखी एक मोठे साहाय्य मंजूर झाले आणि परिस्थिती हळूहळू निवळली. रोखलेली वेतनवाढ मिळाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात क्युनीने साथीच्या काळात थकलेले विद्यार्थ्यांचे शुल्क माफ केले. किमान ५० हजार विद्यार्थ्यांची मिळून १२.५ कोटी डॉलरपर्यंतची थकबाकी या निर्णयाने पुसली गेली. थकबाकीमुळे ज्यांचा पुढचा प्रवेश अडला होता, त्यांना परत येता आले. अध्यापकाच्या मनोधैर्याच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल मोठे आहे. कारण वर्गातून गळालेला विद्यार्थी परत येण्यासारखे दुसरे औषध शिक्षकाला क्वचितच मिळते.

एक शेजारचे उदाहरण

कपात अटळ असेल तर ती वाटून घेता येते का? न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सी राज्यातील रटगर्स विद्यापीठात हा प्रश्न थेट विचारला गेला. तेथील अध्यापक, कार्यालयीन कर्मचारी, सफाई कामगार इत्यादींच्या सुमारे वीस संघटनांनी २०२० मध्ये एकत्र येऊन एक प्रस्ताव मांडला. प्रत्येकाने थोडे दिवस काम व वेतन कमी करावे, त्या दिवसांचा बेकारभत्ता सरकारी योजनेतून मिळवावा आणि बदल्यात विद्यापीठाने कोणालाही कामावरून काढू नये, असे त्याचे सार होते. बेकारांना केंद्र सरकारकडून आठवड्याला ६०० डॉलरचा जादा भत्ता त्या काळात मिळत असल्याने अल्प वेतनाच्या कर्मचाऱ्यांचे फारसे नुकसान होणार नव्हते. प्रशासनाने प्रारंभी हा प्रस्ताव स्वीकारला नाही आणि तोपर्यंत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे २०२१ च्या पूर्वार्धात उभयपक्षी करार झाला. वेतनकपातीच्या काही दिवसांच्या बदल्यात त्या वर्षअखेरपर्यंत कपातीच्या कारणाने कर्मचाऱ्यांना न काढण्याचे विद्यापीठाने मान्य केले.

सर्वांत सुरक्षित असणाऱ्या प्राध्यापकांनी सर्वांत असुरक्षित कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच्या वेतनाचा काही भाग सोडण्याची तयारी दाखवली, हा या घटनेचा महत्त्वाचा भाग आहे. तथापि करार उशिरा झाला, हेही तितकेच खरे. विश्वास आटल्यानंतर केलेल्या करारापेक्षा, विश्वास असताना उघडलेली हिशेबाची वही अधिक उपयोगी पडते.

आपल्याकडील संदर्भ

हा इतिहास दूरदेशीचा असला तरी त्यातील प्रश्न परके नाहीत. भारतातही २०२० मध्ये साथ आणि काटकसर बरोबरच आली. केंद्र सरकारने २३ एप्रिल २०२० रोजी महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले आणि जुलै २०२१ पर्यंत ते तसेच राहिले. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२०चे वेतन श्रेणीनिहाय टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरवले. ४ मे २०२० च्या निर्णयाने खर्च ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नव्या नोकरभरतीवर बंदी घातली. आधीच रिक्त असलेली अध्यापकांची पदे त्यामुळे रिक्तच राहिली.

आपल्याकडेही सर्वाधिक झळ कायम नसलेल्यांनाच बसते. महाराष्ट्रात त्यांना तासिका तत्त्वावरील अध्यापक म्हणतात, गोव्यात लेक्चर बेसिसवरील, कर्नाटकात अतिथी व्याख्याते, तर मध्य प्रदेशात अतिथी विद्वान. नावे वेगळी असली तरी स्थिती एकच : तास झाला तर मानधन, नाही तर नाही. महाविद्यालयाची दारे बंद झाली तेव्हा या वर्गाच्या उत्पन्नाचा आधारच डळमळीत झाला. कायम अध्यापकाचा भत्ता थांबला आणि तासिकेवरील अध्यापकाची चूल थांबण्याची वेळ आली. दोघांचे नुकसान एकाच मापाने मोजता येणार नाही.

समारोप

होस्टोसच्या दोन्ही अनुभवांवरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष असा की, संकटकाळात लागणारे मनोधैर्य संकटापूर्वीच साठवावे लागते. १९७३-७४ ची इमारतीची मोहीम झाली नसती तर १९७६ चा लढा उभा राहणे कठीण होते. ज्या महाविद्यालयात अध्यापकांच्या सभा फक्त परिपत्रके वाचण्यासाठी होतात, तेथे संकटाच्या दिवशी अचानक एकी निर्माण होत नाही.

दुसरा निष्कर्ष हिशेबासंबंधी आहे. कपात किती, कशामुळे आणि कोठे, हे अध्यापकांना वेळेवर व खरेखरे कळले तर ते कष्ट सोसतात, पर्यायही सुचवतात. माहिती दडवली की अफवा तिची जागा घेतात आणि कपातीपेक्षा तिची धास्तीच अधिक नुकसान करते.

तिसरा निष्कर्ष कपातीच्या वाटणीचा आहे. सर्वांत दुर्बल कर्मचाऱ्याला वगळून वाचवलेला पैसा उरलेल्यांच्या मनात भीतीच्या रूपाने राहतो. रटगर्समधील संघटनांनी सुचवलेली वाट किंवा तिच्यासारखी एखादी स्थानिक वाट शोधणे शक्य असते. तासिकेवरील सहकाऱ्यांसाठी साहाय्यनिधी उभारणे, सुट्टीच्या काळातील परीक्षेचे व पर्यवेक्षणाचे सशुल्क काम आधी त्यांना देणे, त्यांचे मानधन वेळेवर मिळावे म्हणून कायम अध्यापकांनी कार्यालयात पाठपुरावा करणे, या गोष्टींना शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष समाजाशी असलेल्या नात्याचा आहे. होस्टोसला १९७६ मध्ये वस्तीने वाचवले, कारण ते कॉलेज आपले आहे असे वस्तीला वाटत होते. अल्पसंख्याक समाजाने पै पै जमवून उभारलेल्या आपल्याकडील अनेक संस्थांच्या मुळाशी हीच भावना होती. संस्था अनुदानित झाल्या, इमारती मोठ्या झाल्या आणि पालकांचे येणे हळूहळू प्रवेशाच्या रांगेपुरते उरले. हे नाते पुन्हा घट्ट करणे हे संस्थाचालकांइतकेच अध्यापकांचेही काम आहे. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांसाठी १९७० मध्ये टायरच्या कारखान्यात सुरू झालेले ते कॉलेज आज अर्धशतकानंतरही त्याच रस्त्यावर उभे आहे. ते बंद करण्याचा निर्णय कागदावर झाला होता. तो बदलण्याचे काम तेथे शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी मिळून केले.